कडेला आलेलं घर

प्रिय बॉबिन,

रविवारी फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला चांगला ऐसपैस विचारलास, की ऑफिसातल्या मैत्रिणीला फोटोग्राफीची हौस लागली आहे, खिसा बेताचा आहे, तर कॅमेऱ्याच्या जोडीला काय काय घ्यावं आणि फोटो सुधारायचं कुठलं सॉफ्टवेअर स्वस्तात पडेल, ते बाबा, तुम्हीच सांगा. दुसरा प्रश्न मात्र फोन ठेवता ठेवता, चप्पल पायात सरकवत विचारावा तसा विचारलास. तिकडच्या नोकरीचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवतायत, महिनाअखेर सही करायची आहे, करू ना? फोन स्पीकरवर होता. मी आणि तुझी आई एका सुरात म्हणालो, कर की, आमचं काय अडलंय! एवढं एकमत आमचं भिंतीच्या रंगावरसुद्धा कधी झालं नव्हतं. तू नुसतं बरं म्हणालीस आणि फोन ठेवलास. तर आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, दुसऱ्याचं शेवटी बोलू. महिनाअखेरीच्या आत तुझ्या हातात पडेल असा अंदाज घेऊनच हे पत्र पोस्टात टाकणार आहे.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. पण फोनवर मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझी मीटिंग सुरू होते, आणि तुझी आई मधेच माझ्या हातातून फोन घेऊन तू जेवलीस का ते विचारते. शिवाय सॉफ्टवेअरबद्दल तू मला विचारावंस याची गंमत वाटली. त्यातलं सगळं तुलाच ठाऊक. बाबांना बरं वाटावं म्हणून विचारलंस, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. पण विचारलंस तर आता ऐकून घे.

मैत्रिणीला पहिली गोष्ट सांग, की आमच्या कॅशियरसारखं करू नकोस. बँकेतून रिटायर झालेला हा गडी आमच्या रविवारच्या टोळीत सगळ्यात उत्साही. आम्ही चारचौघं सकाळी तळ्याकाठी फोटो काढायला जातो, तर हा बिऱ्हाड हलवल्यासारखा सामान घेऊन येतो. दोन बॅगा, तीन लेन्स, छत्रीसारखं उघडणारं काहीतरी. ते सगळं जोडून होईपर्यंत बगळा कंटाळून उडून गेलेला असतो. मग म्हणतो, या ट्रायपॉडचं डोकंच हलतं हो. नाचता येईना अंगण वाकडं! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हौसेला मोल नाही हे मान्य, पण हौसेला अक्कल नसावी असं कुठे लिहिलंय? तेव्हा आहे त्या कॅमेऱ्यानं आधी काही महिने फोटो काढ, आणि जिथे नड लागेल तेवढीच वस्तू घे, असं तिला सांग.

नड कशाची लागते तेही सांगतो. एक जास्तीची बॅटरी, कार्डावरचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचं ते छोटं यंत्र, आणि लेन्स पुसायला मऊ स्वच्छ कापड. शर्टाच्या टोकानं लेन्स पुसायची नाही. शर्टाच्या टोकाला काय काय लागलेलं असतं ते मी जन्मभर पाहिलंय. ट्रायपॉडची घाई नको. मी जुन्या पँटचा एक पाय कापून त्यात वाळू भरली आणि उशी शिवली. ती गॅलरीच्या कठड्यावर ठेवून वर कॅमेरा टेकवला की काय बिशाद आहे हलायची. पहिल्या उशीतून वाळू गळली. त्यावर तुझ्या आईनं मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दुसरीला आतून जाड अस्तर लावलं, ती पक्की झाली. सावलीतल्या वस्तूवर उजेड पाडायला कोटाच्या आतलं पांढरं अस्तर पुठ्ठ्यावर ताणून बसवलं, फुकटात काम झालं. आता टोळीत सगळ्यांना तशीच उशी हवी आहे. कॅशियरनं तर गळ्यातला पट्टाही शिवून घेतला, खांद्याशी रुंद आणि आतून गादी. दुकान बंद झालं तरी शिंपी काही बंद होत नाही बघ. मैत्रिणीची उंची कळव, तिलाही एक शिवून ठेवतो.

दुकानावरून आठवलं. तू शेवटची आलीस ती दुकान बंद केलं तेव्हाच. माझ्या मानेनं संप पुकारला होता, डॉक्टरनं वाकून काम करायला साफ मनाई केली होती, आणि खालच्या दुकानातलं मशीन वर आणून गॅलरीच्या दाराशी ठेवलं होतं. मी त्याच्यापुढे स्टुलावर बसून राहायचो. शिवायला काही नाही आणि तरी पाय आपला मशीनच्या पेडलवर. तू ते बघितलंस. जायच्या आदल्या संध्याकाळी तुझा जुना कॅमेरा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, बाबा, तुमची नजर अजून शाबूत आहे, ती कामाला लावा.

आणि मग गॅलरीत उभं राहून मला धडा दिलास. झूम करायचं नाही. जे काढायचं ते मधे ठेवायचं आणि चारी बाजूंनी भरपूर सैल सोडायचं. जास्तीचं नंतर कापता येतं, कमी पडलं तर जोडता येत नाही. मला हे एका झटक्यात पटलं. लहान पोरांचे कपडे शिवताना मी आत जास्तीच्या कापडाची माया सोडायचोच, पोर वाढलं की उसवून मोठे करता यावेत म्हणून. मी म्हणालो, अगं, हे तर माझ्याच धंद्यातलं. तू हसलीस आणि खाली वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसलीस. बराच वेळ बसलीस. एका पट्ट्याला एवढा वेळ लागत नाही, पण तेव्हा माझ्या डोक्यात नुसता कॅमेरा होता.

तेव्हापासून आपला कारखाना सुरू झाला. मी काढायचं आणि तू कापायचं. जन्मभर कात्री माझ्या हातात, आणि म्हातारपणी ती लेकीच्या हातात गेली. आठवड्याचे फोटो मी तुला पाठवायचे, तू ते कापून, उजळून, रंग बसवून परत पाठवायचीस. कठड्यावरची चिमणी, तारेवरचं कबूतर, कुंडीतलं फूल. तुझ्याकडून परत आलं की ते फूल माझ्याच कुंडीतलं आहे यावर माझा विश्वास बसायचा नाही. टोळीत शाबासकी मी घ्यायचो, तुझं नाव सांगूनच घ्यायचो हं. आणि फोनवर तू मला चिडवायचीस. बाबा, चिमणीच्या मागे बादली आलीय. बाबा, आईचा कोपर आलाय. बाबा, या कबुतराच्या डोक्यावर तुमचा बनियन वाळतोय. मी तुझ्या आईवर ओरडायचो, की मी कॅमेरा डोळ्याला लावला की नेमकं तुला तिथेच कसं कडमडायचं असतं. ती म्हणायची, घर माझं आहे, चिमणी पाहुणी आहे.

खरं सांगू का, फोटोंपेक्षा मला ते परत यायची वाट बघायला आवडायचं. तुझ्याकडून काही तरी यायचंय, एवढ्यावर माझा आठवडा जायचा. कधी तुला काम असलं आणि फोटो यायला उशीर झाला की मी कॉम्प्युटर चालू करून बघायचो, बंद करायचो, पुन्हा चालू करायचो. तुझी आई म्हणायची, उकडलं का नाही म्हणून सारखं झाकण काढून बघितलं तर कसं उकडेल? फोनवर तू म्हणायचीस मी मजेत, आम्ही म्हणायचो आम्ही पण मजेत. सुट्टीचं पुढे ढकललं गेलं की तू म्हणायचीस, पुढच्या वेळी नक्की, आणि आम्ही म्हणायचो, सवडीनं ये गं, कामं महत्त्वाची. इतकी मजा या घरात कधी नव्हती.

एका गोष्टीचा मात्र मला राग होता, तो आता लिहून टाकतो. मागे कॅशियर त्याची लांबच्या टप्प्याची झूम लेन्स विकायला निघाला होता. जुनी, पण धडधाकट, आणि भाव माझ्या खिशाला झेपणारा. ती लावली तर चिमणीचा डोळासुद्धा चौकट भरून आला असता. मी तुला उत्साहानं सांगितलं आणि तू एकदम नको म्हणालीस. जड आहे म्हणालीस, मानेला त्रास होईल म्हणालीस, आणि शेवटी म्हणालीस की आहे हीच रुंद लेन्स बरी आहे बाबा, तुम्ही सैलच काढा. मला वाटलं, पोरगी आता मला हातात धरून चालवायला लागली. दोन दिवस मी फुगून बसलो. तुझी आई म्हणाली, तिला तुमच्या पैशांची काळजी असेल हो. मला तेही पटलं नाही, पण लेन्स घेतली नाही.

पुढचं मैत्रिणीनं नीट लक्ष देऊन ऐकावं. कॅमेऱ्याच्याही आधी एक वेगळी बाहेरची डिस्क घ्यायची आणि सगळे फोटो दोन ठिकाणी ठेवायचे. मी ठेवले नव्हते. माझा कॉम्प्युटर एके दिवशी खाकरला, घरघरला आणि गप्प झाला. दुरुस्तीवाल्यानं नवी डिस्क बसवली आणि आतली जुनी हातात देऊन सांगितलं, काका, हिच्यातून आता काही निघायचं नाही. सगळ्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. मी तुला रडवेल्या आवाजात फोन केला ते तुला आठवत असेलच. तू म्हणालीस, रडता काय, माझ्याकडे सगळं आहे. तुझ्या ऑफिसातला कुणी तरी इकडे यायचा होता, त्याच्या हाती तू तुझी डिस्क धाडलीस. निवडत बसायला तुला वेळ नव्हता, अख्खं फोल्डर जसंच्या तसं भरून दिलंस. ती डिस्क तशीच पडून राहिली असती आणि मला काही कळलं नसतं. पण मधल्या काळात मी एक उद्योग केला होता, आणि तो तुला सांगितला नव्हता.

मी सॉफ्टवेअर शिकलो. तुझा व्याप वाढला होता, फोनवर तू जांभया दाबत बोलायचीस, आणि माझ्या चिमण्यांपायी पोरीची झोप जाते या विचारानं मला टोचायला लागलं. म्हटलं, आपलं आपण कापावं. चौकशी केली तर तीन वाटा निघाल्या. पहिलं, कॅशियर वापरतो ते. फार नावाजलेलं आहे, पण दर महिन्याला भाडं भरायचं. भाडं थकलं की हातातलं काम तिथेच थांबलं. अगं, मी मशीनसुद्धा हप्ते फेडून स्वतःचं केलं, आता कात्री भाड्यानं घेऊ? दुसरं, मोबाइलवरचं. ते सोपं, पण चेहऱ्यावर असा काही गिलावा करतं की टोळीतल्या हेडमास्तरणीबाईंचा फोटो त्यांच्या सुनेनं ओळखला नाही. तिसरं, तू वापरतेस ते, फुकटचं. तूच मला एकदा म्हणाली होतीस, ते नका घेऊ, फार किचकट आहे, तुम्हाला नाही जमणार, मी आहे ना. मला नाही जमणार? मग तर तेच घ्यायला हवं होतं. मैत्रिणीलाही तेच घ्यायला सांग. एकदाच पैसे मोजून कायमचं मिळणारंही एक बरं असतं म्हणतात, पण आधी फुकटातलं शिकून बघ आणि भागलं नाही तरच पाकीट उघड. घ्यायच्या आधी आपल्या कॉम्प्युटरला ते झेपतं का, एवढं तेवढं विचारून घ्यायचं.

पहिले काही दिवस माझी अवस्था पहिल्यांदा मशीनवर बसलेल्या पोरासारखी झाली. हे दाबलं की ते हलतं. एक कबूतर मी जांभळं केलं, ते अजून जांभळंच आहे. रंगांचं तर काही केल्या जमेना, पडद्यावर एक आणि छापून आणलं की दुसरंच. मग मला आपली जुनी रीत आठवली. कापडाच्या रंगाचा दोरा लावायचा तर दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन लावायचा. मी दोऱ्याच्या डब्यातली रिळं पडद्याशेजारी ओळीनं मांडली आणि त्यांचा फोटो काढून पडद्यावर उघडला. पडद्यावरचा पिवळा हातातल्या पिवळ्या रिळासारखा दिसेपर्यंत पडद्याची बटणं फिरवत राहिलो. कॅशियरनं याच कामासाठी एक महागडं यंत्र घेतलंय. त्यानं माझी रिळं पाहिली आणि गुपचूप चहा प्यायला.

तर हात जरा बसल्यावर मी तुझी डिस्क लावली आणि तुझं फोल्डर तुझ्याच प्रोग्राममध्ये उघडलं. म्हटलं, आपली लेक कशी कापते ते बघून शिकू. बघतो तर एकेका फोटोच्या दोन दोन, तीन तीन प्रती. मला वाटलं डिस्क बिघडली. मी ते जास्तीचं पुसायलाच निघालो होतो, तेवढ्यात कॅशियरनं हात धरला. म्हणाला, थांबा, हे जास्तीचं नाही. हा प्रोग्राम मूळ फोटोला हात लावत नाही. आपण काय कापलं, काय उजळलं, ते शेजारी एका चिमुकल्या फाइलमध्ये टिपून ठेवतो. या तुमच्या लेकीनं एकाच फोटोच्या निरनिराळ्या केलेल्या प्रती आहेत, उघडून तर बघा. कॅशियर त्याच्या घरी गेला आणि मग मी उघडल्या.

पहिली प्रत चिमणीची. तीच, जी तू मला पाठवली होतीस. दुसऱ्या प्रतीत चिमणी नव्हतीच. फोटोचा डावा कोपरा फक्त कापून मोठा केला होता, आणि त्यात आईचा कोपर होता. कोपर, बांगडी आणि हातातलं पिळलेलं फडकं. पुढच्या कबुतराच्या दुसऱ्या प्रतीत दोरीवर वाळणारा माझा बनियन. फुलाच्या दुसऱ्या प्रतीत फूल गेलं होतं आणि मागच्या दारातून दिसणारी आतली खोली उरली होती. फोटोत ती काळीकुट्ट होती. तू तो अंधार पायरीपायरीनं उजळत नेला होतास, डाव्या बाजूच्या यादीत एकेक पायरी दिसत होती, आणि शेवटच्या पायरीला आत पाठमोरी उभी असलेली तुझी आई दिसायला लागली. दाणेदार, धूसर, पण तीच, केसांची गाठ मारताना. कुणी शहाणा माणूस असला फोटो सुधारत बसणार नाही. मी पुढे उघडत गेलो. मशीनचा पाय. दाराला पडलेला ओरखडा, तुझ्या सायकलचा. भिंतीवरचा खिळा, ज्याला तुझं दप्तर लटकायचं. आणि एका प्रतीत खिडकीच्या काचेत मी, चेहऱ्यापुढे कॅमेरा धरलेला, त्यामुळे नुसते केस दिसतात. ते केस तू इतके मोठे करून का बघितलेस ते मला कळलं. मागच्या खेपेला ते इतके पांढरे नव्हते.

मला दुकान आठवत होतं. शाळेतून आलीस की तू मशीनखाली शिरायचीस, माझ्या पायांशी. बॉबिन हातातून सुटलं की घरंगळत तिथेच जातं, म्हणून तुझं नाव बॉबिन. वर माझी कात्री चालायची आणि खाली तू पडलेले तुकडे वेचायचीस. एकदा मला दया आली आणि मी ताग्यातून नवंकोरं कापड कापून तुला द्यायला लागलो, बाहुलीला चांगलं काही तरी शिव म्हणून. तू घेतलं नाहीस. म्हणालीस, मला खाली पडलेलंच हवं. त्या तुकड्यांची तू केलेली गोधडी कपाटात अजून आहे, टाके सगळे वाकडे. मी झूम लेन्स का घ्यायची नाही, तेही मला त्या दिवशी समजलं. चिमणीचा डोळा चौकट भरून आला असता तर कडेला काहीच आलं नसतं.

मग मी तुझ्या आईला बोलावलं. ती हात पुसत आली आणि उभ्या उभ्या बघायला लागली. कोपर बघितला, बनियन बघितला, ओरखडा बघितला. तिची ती पाठमोरी प्रत आली तेव्हा तिनं मला विचारलं, हे आणखी मोठं होतं का? मी केलं. ती जवळ गेली आणि चष्मा कपाळावर चढवून बघत राहिली. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, शी, किती कळकट फडकं हातात होतं माझ्या, पोरीनं काय म्हटलं असेल. आणि दुसऱ्या दिवशी तिनं गॅलरी धुतली, पडदा धुतला, आणि माझे बनियन वाळत घालायची दोरी मागच्या बाजूला बांधली. मी म्हटलं, अगं बाई, तिला तेच बघायचंय. ती म्हणाली, मला माहीत आहे तिला काय बघायचंय. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला, की मी कॅमेरा उचलला रे उचलला की हिला नेमक्या माझ्याच चौकटीच्या कडेला कुंड्यांना पाणी का घालायचं असतं. एकटा मीच आपला इतकी वर्षं चिमण्या काढत होतो.

पत्रासोबत एक फोटो छापून घालतोय. तू कापायच्या आधीच पाठवतोय, मूळचा, सैल. कॅमेरा वाळूच्या उशीवर टेकवून गॅलरीतून आत तोंड करून काढला. मी तुझ्या आईला मधे उभं केलं होतं. तिनं केस विंचरले, पदर नीट केला, आणि ऐन वेळी सवयीनं कडेला सरकली. म्हणून मधे नुसतं मशीन आलंय, आणि मशीनखालची तुझी जागा. ती मी रोज झाडतो. तिथे आता एकही तुकडा पडत नाही, तरी झाडतो.

आता तुझा दुसरा प्रश्न. हे एवढं सगळं त्याच्यासाठीच लिहिलं, मैत्रिणीचं आपलं निमित्त झालं. कर की, आमचं काय अडलंय, असं आम्ही म्हणालो ते खोटं होतं, बॉबिन. दोघांचंही. फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. तुझी आई कुंड्यांना पाणी घालायला गेली, आणि सकाळीच तिनं ते घातलं होतं. तिथलं काम तुझ्या मनापासूनचं असेल तर खुशाल सही कर, मी इथे तुझ्या नावानं उड्या मारीन, मान साथ देईल तेवढ्या. पण आम्ही मजेत आहोत म्हणून तू सही करणार असशील, परत आलीस तर तू हार मानलीस असं बाबांना वाटेल, असं काही डोक्यात असेल, तर करू नकोस. आमची आठवण आली की आईच्या पाठीपर्यंत तुला अंधार उजळत जावं लागतं, हे मला बघवत नाही. मला तुझी फार आठवण येते. इथे पोट भरण्यापुरतं काम तुझ्यासारखीला कुठेही मिळेल, नाही मिळालं तर दोन महिने नुसती बसून राहा, मशीनखाली बस हवं तर. सही करायच्या आधी एकदा ये. ये, एवढंच लिहायचं होतं, आणि ते लिहायला मला इतकी पानं लागली.

तुझाच,
अजूनही सैल फोटो काढणारा,
बाबा

ता. क. तुझी आई विचारतेय, येणार असशील तर आधी कळव म्हणजे दोरी पुन्हा गॅलरीत बांधते.